चारशे वर्षांचे राजे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत एक छोटा प्रसंग आहे. रोहानच्या राजाची भाची एओविन स्वतः रांधलेलं कालवण घेऊन अ‍ॅरागॉर्नकडे येते. कालवण भयंकर असतं. तो कसाबसा घास गिळतो. बोलण्याच्या ओघात ती म्हणते, की हा माणूस आपल्या आजोबांबरोबर लढाईला गेला होता असं मामाला आठवतंय, पण ते कसं शक्य आहे? मग ती त्याचं वय विचारते. चाळिशीचा दिसणारा अ‍ॅरागॉर्न जरा ओशाळून सांगतो : सत्त्याऐंशी.

चित्रपटात हा आकडा गमतीसारखा येतो आणि विरून जातो. पुस्तकात मात्र त्याच्यामागे साडेसहा हजार वर्षांचा हिशेब आहे. टोल्किनने आपल्या सरदार-राजांच्या जन्म-मृत्यूची सालं इतक्या काटेकोरपणे का मांडली, हा प्रश्न बऱ्याच वाचकांना पडतो, आणि प्राध्यापकी हौस म्हणून ते तो सोडूनही देतात. माझं मत वेगळं आहे. या गाथेचा खरा विषय त्या आकड्यांत दडलेला आहे. कोण किती जगला आणि त्याच्यामागे कोण उरलं, एवढं नुसतं ओळीनं वाचत गेलं तरी एका संस्कृतीची चढण आणि घसरण समोर येते, तीही एका लढाईचं वर्णन न वाचता.

सुरुवात दोन जुळ्या भावांपासून होते. एल्रॉन्ड आणि एल्रोस. त्यांच्या रक्तात एल्फ आणि माणूस दोन्ही होते, म्हणून त्यांना निवडीचा हक्क मिळाला. एल्रॉन्डने एल्फांचं अमरत्व घेतलं. एल्रोसने माणसाचं मरण घेतलं, पण त्याला आयुष्य मात्र भरपूर मिळालं. पहिल्या युगाच्या शेवटच्या महायुद्धात ज्या माणसांनी योग्य बाजू घेतली त्यांना बक्षीस म्हणून समुद्रात एक बेट दिलं गेलं, नूमेनोर. दुसऱ्या युगाच्या ३२व्या वर्षी एल्रोस तिथला पहिला राजा झाला. त्याने ४१० वर्षं राज्य केलं आणि ४४२ साली, वयाच्या ५००व्या वर्षी, तो वारला.

हे दीर्घायुष्य म्हणजे लांबवलेलं म्हातारपण नव्हे. नूमेनोरची मुलं इतर माणसांच्याच वेगाने वाढत. मोठी झाली की मात्र शरीराची झीज जवळजवळ थांबे आणि शतकानुशतकं माणूस भर उमेदीत राही. मग केव्हातरी मन जगाला कंटाळू लागे. ती खूण होती. खूण ओळखून राजा राजदंड वारसाच्या हाती देई आणि काही वर्षांनी आपणहून देह ठेवी. जो हट्टाने जगत राही त्याच्यावर म्हातारपण नेहमीच्याच वेगाने कोसळे, आणि दहाएक वर्षांत धडधाकट माणसाचा लोळागोळा होई. टोल्किनच्या या विश्वात मरण ही माणसाला मिळालेली देणगी आहे. ती कशी स्वीकारायची, एवढंच माणसाच्या हातात आहे.

राजांची ही यादी ‘अनफिनिश्ड टेल्स’ या, टोल्किनच्या मृत्यूनंतर १९८० साली आलेल्या पुस्तकात आहे. पानं कोरडी आहेत, नाव, जन्मसाल, मृत्यूसाल, दोन-चार ओळींची नोंद. पण वजाबाक्या करत गेलं की गोष्ट उलगडते. सुरुवातीचे राजे चारशेच्या आसपास जगतात. आल्दारिओन ३९८, त्याची मुलगी आंकालिमे ४१२. मग येतो तार-आतानामिर. हा ४२१ वर्षं जगला. एल्रोसनंतरचा सगळ्यात मोठा आकडा याचाच आहे, आणि घसरणीला सुरुवातही याच्यापासूनच होते. कारण राजदंड न सोडणारा हा पहिला राजा. बुद्धी गेली, अंग गळालं, तरी मुलाच्या हाती काही दिलं नाही. आपल्याकडे ययातीने मुलाचं तारुण्य मागून घेतलं, पण शेवटी ते परत तरी केलं. आतानामिरला तेवढीही उपरती झाली नाही.

त्याच्यानंतरचे आकडे बघा. मुलगा ४००. पुढे ३९०, ३६०, ३३१, ३०९, २८१, २५३, २३५, २२६, २१७. मरणाची भीती जसजशी वाढते तसतसं आयुष्य आखडत जातं, आणि आयुष्य आखडलं की भीती आणखी वाढते. देवतुल्य वालारांवर रोष, एल्फांचा हेवा, त्यांच्या भाषेवर बंदी. पंधराशे वर्षांचं हे राजकारण त्या एका उतरत्या रांगेत मावलं आहे.

त्या रांगेत एक बारीकशी गंमत आहे. शेवटून दुसऱ्या राजाने, तार-पालांतिरने, पूर्वजांची चूक ओळखली, पश्चात्ताप केला, जुने रिवाज पुन्हा सुरू केले. तो २२० वर्षं जगला. बापापेक्षा तीन वर्षं जास्त! त्याला विरोध करणारा धाकटा भाऊ गिमिल्खाद दोनशे पुरी व्हायच्या दोन वर्षं आधीच गेला. शतकानुशतकं खाली येणारी रेघ फक्त एका ठिकाणी, फक्त तीन वर्षांनी वर उचलली जाते. टोल्किनने यावर कुठे भाष्य केलेलं नाही. तो फक्त साल लिहून मोकळा होतो. गिमिल्खादचा मुलगा आर-फाराझोन शेवटचा राजा. म्हातारपणाची चाहूल लागताच त्याने अमरत्व बळाने मिळवण्यासाठी देवभूमीवर आरमार नेलं, आणि ३३१९ साली नूमेनोर समुद्रात बुडालं.

आपल्या वाचकाला इथे युगकल्पना आठवणं साहजिक आहे. मनुस्मृतीत कृतयुगातल्या माणसाचं आयुष्य चारशे वर्षं सांगितलं आहे, आणि पुढच्या प्रत्येक युगात ते पावपावानं कमी होत कलियुगात शंभरावर येतं. सुरुवातीचा आकडा जुळतो, उतारही जुळतो. टोल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बायबल असावं असं मानणं जास्त सयुक्तिक. तिथे आदाम ९३० वर्षं जगतो, अब्राहाम १७५ आणि मोशे १२०. पण या दोन्ही परंपरांपेक्षा टोल्किनची मांडणी एका बाबतीत वेगळी आहे. युगकल्पनेत ऱ्हास काळाच्या फेऱ्याने येतो, कुणी काहीही केलं तरी. नूमेनोरमध्ये मात्र तो वागण्याने येतो. पुरावा हवा असेल तर त्याच बेटावरची दुसरी शाखा पाहावी.

ही शाखा चौथा राजा तार-एलेंदिल याची थोरली मुलगी सिल्मारिएन हिची. ती सगळ्यांत मोठी, पण मुलगी, म्हणून गादी धाकट्या भावाला गेली. त्या भावाचा मुलगा आल्दारिओन याला पुढे एकच अपत्य झालं, तीही मुलगी, तेव्हा त्याने कायदा बदलून मुलींनाही वारसाहक्क दिला. सिल्मारिएनला तो दोन पिढ्यांनी हुकला. तिचे वंशज आंदूनिएचे सरदार म्हणून राहिले आणि जुन्या श्रद्धेला चिकटून राहिले. बुडत्या बेटावरून नऊ जहाजं घेऊन निसटलेला एलेन्डिल याच वंशातला. तो फाराझोनचा समवयस्क, त्याच्यापेक्षा एका वर्षाने लहान. राजशाखेतली माणसं सव्वादोनशेपर्यंत पोचायला धडपडत होती त्या काळात एलेन्डिल ३२२ वर्षांचा होऊन मेला, तोही अंथरुणावर नव्हे, गाथेचा खलनायक साउरॉन याच्याशी झुंजताना.

आल्दारिओनचा उल्लेख आला आहे तर थोडं थांबायला हवं, कारण वेगवेगळ्या आयुर्मानाची माणसं एका घरात राहिली तर काय होतं, याची टोल्किनने लिहिलेली सर्वांत मानवी गोष्ट त्याचीच आहे. त्याची बायको एरेन्डिस एल्रोसच्या वंशातली नव्हती. लग्नाच्या वेळी तो १७० वर्षांचा आणि ती ९९ची, पण काळ खरा तिच्याच मागे लागलेला होता. आल्दारिओनला समुद्राचं वेड. दोन वर्षांत परत येतो म्हणून गेला आणि पाचव्या वर्षी उगवला. चारशे वर्षं जगणाऱ्याला तीन वर्षांचा उशीर म्हणजे काय मोठं! तिच्या लेखी ती तिच्या ऐन उमेदीची वर्षं होती. संसार मोडला. राजाच्या वारसाने एल्रोसच्या वंशातच लग्न करावं असा दंडक पुढे पडला, त्यामागे या मोडलेल्या संसाराची आठवण होती. ही कथा टोल्किनकडून अपुरीच राहिली. पुरी झाली असती तर ती त्याच्या उत्तम लेखनात गणली गेली असती, असं मला वाटतं.

एलेन्डिलच्या मुलांनी मध्य-पृथ्वीवर दोन राज्यं उभी केली. उत्तरेला आर्नोर, तिथे इसिल्दुरचा वंश. दक्षिणेला गोंडोर, तिथे आनारिओनचा. तिसऱ्या युगात आयुर्मान कमी होत गेलं, आणि त्याचं कारण काय यावरून गोंडोरमध्ये यादवी पेटली. राजा वालाकारने उत्तरेतल्या एका सरदाराची मुलगी केली. ती नूमेनोरी वंशाची नव्हती. तिचा मुलगा एल्दाकार गादीवर बसला तर राजघराण्याचं रक्त पातळ होईल आणि आयुष्य घटेल, असं म्हणत सरदारांनी बंड केलं. १४३२ ते १४४८ अशी सोळा वर्षं राज्य धुमसत राहिलं, राजधानी जळाली.

आता आकडे पाहू. एल्दाकारचे आजोबा २४० वर्षं जगले. वडील २३८. आणि ज्याच्या ‘भेसळीच्या’ रक्तावरून रक्त सांडलं तो एल्दाकार? २३५. म्हणजे उतार होता तोच आणि तेवढाच राहिला. परदेशी आईचा त्यात काडीचाही वाटा दिसत नाही. परिशिष्टात टोल्किन स्पष्टच सांगतो, की आयुष्य कमी होत होतं ते मुख्यतः मध्य-पृथ्वीमुळे आणि नूमेनोर बुडाल्यावर ती देणगी हळूहळू मागे घेतली जात होती म्हणून. टोल्किनवर वंशशुद्धीच्या कल्पना जोपासल्याचा आरोप अधूनमधून होतो. त्या चर्चेत हे तीन आकडे क्वचितच येतात, ते यायला हवेत.

गोंडोरचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांना पूर्वज फार होते आणि वारस नव्हते. गोंडोरचा सरदार फारामिर एके ठिकाणी कथानायक फ्रोडोला सांगतो, की आमच्या राजांनी जिवंत माणसांच्या घरांपेक्षा थडगी देखणी बांधली आणि मुलांच्या नावांपेक्षा वंशावळीतली नावं त्यांना जास्त प्यारी झाली. वंशावळ तपासली तर हे अलंकारिक बोलणं नाही हे कळतं. तारान्नोन निपुत्रिक गेला. पुढे नार्मासिल पहिला निपुत्रिक. १६३६च्या महामारीत राजा तेलेम्नार सगळ्या मुलांसकट गेला. १९४४ साली राजा ओन्दोहेर दोन्ही मुलांसह रणात पडला, मागे राहिली मुलगी फीरिएल. तिचा नवरा आर्वेदुई, उत्तरेचा युवराज. त्याने गादीवर हक्क सांगितला, तो नूमेनोरच्या त्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन, थोरलं अपत्य मुलगा असो वा मुलगी. गोंडोरने हक्क नाकारला. त्यांनी निवडलेल्या राजाचा मुलगा एआर्नुर अविवाहित. तो २०५० साली शत्रूच्या आव्हानाला भुलून गेला तो परतलाच नाही. मग कारभाऱ्यांचं राज्य, सव्वीस पिढ्या.

उत्तरेत याच्या उलट घडलं. तिथलं राज्य तुकडे होऊन संपलं, आर्वेदुई बर्फाळ उपसागरात बुडाला, राजधानी ओस पडली. उरले ते रानावनात राहणारे मूठभर लोक आणि त्यांचा नायक. पण बापाकडून मुलाकडे जाणारी साखळी एकदाही तुटली नाही. इसिल्दुरपासून अ‍ॅरागॉर्न एकोणचाळिसावा वारस. दोघांच्या जन्मांमध्ये ३१६३ वर्षांचं अंतर, म्हणजे सरासरी ८१ वर्षांनी एक पिढी. आपल्या इतिहासातल्या राजघराण्यांत हाच आकडा पंचवीस-तिशीच्या आसपास असतो. वैभवात लोळणाऱ्या गोंडोरची वंशरेषा खंडित झाली, आणि ज्यांच्याकडे राज्य, महाल, थडगी काहीच नव्हतं त्यांची टिकली. आयुष्यही त्यांचंच टिकलं. उत्तरेचे शेवटचे नायकसुद्धा घात झाला नाही तर दीडशे ओलांडत. गोंडोरचा कारभारी एक्थेलिओन दुसरा ९८व्या वर्षी गेला.

आता अ‍ॅरागॉर्नचं सत्त्याऐंशी पुन्हा पाहू, पण एओविनच्या शेजारी नव्हे, डेनेथोरच्या शेजारी. गोंडोरचा हा शेवटचा सत्ताधारी कारभारी २९३० सालचा. अ‍ॅरागॉर्न २९३१चा. एका वर्षाचं अंतर! चित्रपट पाहताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण एक म्हातारा बाप वाटतो आणि दुसरा तरुण योद्धा. पुस्तकाच्या परिशिष्टात त्याहून पुढची गोष्ट आहे. तरुणपणी अ‍ॅरागॉर्नने थोरोन्गिल हे नाव घेऊन डेनेथोरच्या वडिलांच्या, म्हणजे एक्थेलिओनच्या, पदरी चाकरी केली होती. दोघे दिसायला इतके सारखे की नातलग वाटावेत. लोकांचं प्रेम पाहुण्यावर, वडिलांची मर्जीही पाहुण्यावर. हे शल्य डेनेथोरने जन्मभर बाळगलं. पुढे दूरदर्शी पालांतीरच्या गोळ्यात साउरॉनशी मनोबळाची झुंज घेता घेता तो अकाली म्हातारा झाला. म्हणून ३०१९ साली राजा परत येतोय हे कळल्यावर त्याला जो संताप येतो तो सत्ता जाण्याचा आहेच, पण चाळीस वर्षांपूर्वीचा प्रतिस्पर्धी तसाच्या तसा ताजातवाना परततोय, याचाही आहे. दोन जन्मसालं माहीत असली की डेनेथोर स्वतःला चितेवर जाळून घेतो त्या प्रसंगाचा अर्थच बदलतो.

अ‍ॅरागॉर्न २१० वर्षं जगला. मृत्यूच्या वेळी तो आपल्या बायकोला, आर्वेनला, म्हणतो, की मला सामान्य माणसाच्या तिप्पट आयुष्य मिळालं. बायबलच्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं सांगितलं आहे, त्याची तिप्पट बरोबर दोनशे दहा. चौथ्या युगाच्या १२०व्या वर्षी, आपल्या जन्मदिवशी, १ मार्चला, त्याने मुलाच्या हाती राज्य दिलं आणि आपल्या इच्छेने देह ठेवला. आतानामिरने मोडलेला रिवाज हजारो वर्षांनी पुन्हा पाळला गेला तो असा. आर्वेन २९०१ वर्षांची होऊन पुढच्या वर्षी गेली. ती एल्रॉन्डची मुलगी आणि हा एल्रोसचा वंशज, म्हणजे जुळ्या भावांची दोन घरं पुन्हा एक झाली. एका बाजूला मध्ये एकच पिढी, दुसऱ्या बाजूला साठाच्या आसपास.

बाकीच्या सरदारांचं पुढे काय झालं हे कळायला वाचकांना बरीच वाट पाहावी लागली. फारामिर १२० वर्षं जगला. डोल आमरोथचा राजपुत्र इम्राहिल, ज्याच्या घराण्यात एल्फ स्त्रीचं रक्त असल्याचं लेगोलास हा एल्फ पाहताक्षणी ओळखतो, तो ९९व्या वर्षी गेला. त्याची मुलगी लोथिरिएल रोहानचा राजा एओमेर याला दिली. एओमेर ९३ वर्षं जगला, ६५ वर्षं राज्य केलं. त्याची आजी गोंडोरची होती, ते त्याच्या उंचीत दिसतं, आणि बहुधा आयुष्यातही. इम्राहिलच्या घराण्याची वंशावळ, फारामिरच्या मुलाचं एल्बोरोन हे नाव, यातलं पुष्कळसं टोल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर याने बापाच्या कागदांतून शोधून १९९६ साली ‘द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ’ या खंडात छापलं. मूळ कादंबरी १९५४-५५ची. वाचकांच्या दोन पिढ्या त्याआधी अंदाजच बांधत होत्या.

अ‍ॅमेझॉनच्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेने २०२२पासून हा सगळा हिशेब गुंडाळून ठेवला आहे. पुस्तकांनुसार अंगठ्या घडल्या दुसऱ्या युगाच्या सोळाव्या शतकात, आणि इसिल्दुर जन्मला ३२०९ साली. मालिकेत दोन्ही एकाच वेळी चालतं. अडचण समजण्यासारखी आहे. एल्फ तेच राहणार आणि माणसांची पात्रं दर हंगामात मरून जाणार, तर प्रेक्षकाने जीव कुणात गुंतवायचा? पण यात आतानामिरपासून पालांतिरपर्यंतची ती उतरती रांगच गायब झाली. नूमेनोरच्या लोकांना एल्फांचा राग का येतो, हे मग संवादांतून घोषणांसारखं सांगावं लागतं. मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

अ‍ॅरागॉर्नच्या मुलाचं, एल्दारिओनचं, राज्य कसं होतं? टोल्किनने त्या काळावर ‘द न्यू शॅडो’ नावाची कादंबरी सुरू केली होती. काही पानं लिहून सोडून दिली. शांततेला कंटाळलेली माणसं, गुप्त पंथ, साउरॉनच्या सैतानांचे खेळ खेळणारी पोरं, असं काहीतरी हाताला लागत गेलं आणि ते फार उदास आहे असं म्हणून त्याने लेखणी खाली ठेवली. एल्दारिओनच्या बहिणी होत्या, पण त्यांची नावं त्याने दिलेली नाहीत.

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं परिशिष्ट ‘अ’ आणि ‘ब’ आधी वाचावं, मग ‘अनफिनिश्ड टेल्स’मधली एल्रोसच्या वंशाची यादी. यादी वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. वजाबाक्या तुमच्या तुम्हालाच करायच्या आहेत.